एमजीबीला १६ इंची चाकं लावायला गेलो त्याची कथा, मापांसकट

आधी गाडी सांगतो, मग भानगड. गाडी १९७२ ची एमजीबी जीटी, क्रोम बंपरवाली, रंग हार्वेस्ट गोल्ड म्हणजे आपल्याकडच्या लग्नातल्या हळदीचा. मालक आमच्या ग्रुपमधला मित्र, मूळचा नागपूरचा म्हणून इकडे सगळे त्याला नागपूरकरच म्हणतात. मी पुण्याचा. दोघंही लेमिंग्टन स्पाला राहतो, कॉव्हेंट्री-गेडनच्या पट्ट्यात गाड्यांच्या कामावर आलेली चिंचवड-भोसरीची जी काय जनता आहे त्यातलेच आम्ही. नागपूरकरने एमजी घेतली असं आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली हेक्टर का रे, आपल्या खालच्या काकांनी पण घेतलीय. आता तिला काय सांगणार की ही एमजी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनायची, १९६२ ते १९८० एवढी वर्षं बनली, पाच लाखांच्या वर खपली, आणि हेक्टरशी तिचं नातं म्हणजे फक्त आडनाव सारखं.

तर मागच्या वर्षी मार्चमध्ये नागपूरकर एका जुन्या पार्टच्या बाजारात गेला आणि १६ इंची ॲलॉयचा सेट घेऊन आला. २६० पाउंडात चार चाकं, वर निम्मे झिजलेले टायर फुकट. मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "चार होलचं, ११४.३ पीसीडी, आपल्या गाडीचंच माप आहे बे, बसूनच जाते." बसतात, खोटं नाही. एमजीबीच्या साध्या बोल्टवाल्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, चार स्टड (नट बसतात ते आट्यांचे खुंट) असतात आणि त्यांच्यातून जाणारं वर्तुळ साडेचार इंचाचं, म्हणजे ११४.३ मिलिमीटरच. (तारांची चाकं असलेली गाडी असती तर विषयच वेगळा, तिला खाचांचा हब आणि मधोमध एकच मोठा नट, आणि तिचा मागचा ॲक्सलसुद्धा थोडा कमी रुंदीचा. याची गाडी रोस्टाइल चाकांची, म्हणजे ती सत्तरच्या दशकातली काळ्या-चंदेरी पट्ट्यांची स्टीलची चाकं.) पण चार भोकं जुळली म्हणजे चाक बसलं असं जे लोकांना वाटतं ना, तिथूनच सगळं बिनसतं. ३६ गुण जुळून मोडलेली लग्नं आपण काय कमी पाहिलीत का.

मोठी चाकं कशाला, हे मी त्याला पहिल्यांदा विचारलं. कारण ब्रेकसाठी म्हणावं तर गरज नव्हती, पुढच्या ब्रेकची डिस्क १०.७५ इंचाची आहे आणि ती मूळच्या १४ इंची चाकात आरामात मावते, कंपनीने तशीच दिलीय. त्याचं म्हणणं दोन गोष्टी. एक, चाकांच्या कमानीत गाडी पोकळ दिसते, बारक्या पायात मोठे बूट घातल्यासारखी, नाही उलट, मोठ्या माणसाने लहान पोराच्या चपला घातल्यासारखी. दुसरं, १६५ आर १४ (म्हणजे १६५ मिमी रुंद, १४ इंची चाकाचा) हा मूळचा टायर आता कुठल्याही दुकानात गेलं आणि घेतला असा मिळत नाही, मिळतो तो एकतर व्हॅनचा कडक टायर नाहीतर क्लासिकवाल्यांचा महागडा. दुसरा मुद्दा मला पटला. पहिला मुद्दा हौसेचा, आणि हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथे मोल होतं आणि ते पुढे कळलं.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी चाकं चढवली. मी गावाला गेलेलो, म्हणजे लंडनला, मला रविवारी कळलं. त्याने एकट्याने केलं. ॲलॉय थेट लावलं तर मागे आतल्या बाजूला टायर पाट्याला, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगला, जवळजवळ टेकत होता, बोट जाईना, म्हणून याने १० मिमीचे स्पेसर, म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये घालायच्या चकत्या, मागवून चारही चाकांमागे टाकले. स्पेसर टाकल्यावर आत जागा झाली, चाक फिरलं, हाताने हलवून पाहिलं, खूश. टायरमध्ये हवा ३२, कारण ऑफिसच्या गाडीत ३२ भरतो म्हणून. आणि लगेच पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं आणि डिक्कीत तंबू, गॅस, वहिनींनी दिलेला डबा असं सगळं घेऊन निघालो.

फॉस वे नावाचा रस्ता आहे आमच्याकडे, रोमन लोकांनी आखलेला, सरळसोट, पण वरखाली असा की एखाद्या खोलगट भागात गाडी पोटात गोळा आणते. ताशी ५० मैलाच्या आसपास असेल, एक खळगा आला, गाडी खाली बसली आणि मागे डावीकडून घर्रर्र. एक सेकंद. नागपूरकर म्हणाला सामान हललं असेल. पुढचा खळगा, परत घर्रर्र, आणि या वेळी वास. जळलेल्या रबराचा वास एकदा नाकात बसला की सामान हललं वगैरे बोलायला जागा उरत नाही.

रस्त्याकडेच्या एका गेटसमोरच्या मोकळ्या जागेत गाडी लावली, खाली बसून पाहिलं. डाव्या मागच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर, जिथे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, गोल फिरत गेलेली एक चकचकीत रेघ, नखाएवढी रुंद, आणि मध्येमध्ये रबराची कात्रणं लोंबतायत, अडकित्त्याने सुपारी कातरल्यासारखी पातळ. वर मडगार्डची जी कड आत वळवलेली असते ती बोट फिरवलं तर गरम लागली आणि तिच्यावरचा हळदी रंग जाऊन खालचा पत्रा दिसत होता. उजवीकडे पाहिलं, काही नाही. एकदम स्वच्छ. हे डोक्यात ठेवा, उजवीकडे काही नव्हतं.

सामान पुढे घेतलं, तंबू माझ्या मांडीवर, आणि ३० च्या स्पीडने घरी आलो. कॅम्पिंग गेलं खड्ड्यात, डबा गॅरेजमध्ये बसून खाल्ला.

आता नागपूरकरचा उपाय ऐका. "कड हातोड्याने आत ठोकून देऊ, सगळेच करतात, होऊन जाते न." करतात हे खरं आहे. पण एमजीबीच्या मागच्या मडगार्डची ती कड म्हणजे नुसती दुमडलेली पत्र्याची पट्टी नाही, बाहेरचं मडगार्ड आणि आतली कमान तिथे एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडलेली असते. ५० वर्षांच्या गाडीत तिथे आधीच कोणीतरी पुट्टी भरलेली असते, ठोकली की पुट्टीला चीर जाते, चिरेत पाणी, पाण्यात इकडच्या हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ, आणि दोन वर्षांनी तुम्ही चाकाचं नाही तर वेल्डिंगचं बिल भरताय. मी म्हटलं, ठोकायचं ते शेवटी ठोकू, आधी मोजू. तो म्हणाला तुम्ही पुण्याचे लोक मोजतच बसा.

मोजायच्या आधी चाकं काढली आणि इथे मला खरा घाम फुटला. स्पेसर टाकल्यावर स्टड तेवढाच राहिला पण चाक १० मिमी बाहेर गेलं, म्हणजे नटाला धरायला स्टडचं टोकच उरलं. मी नट हाताने सोडवताना फेरे मोजले. सहा. एमजीबीचा स्टड अर्धा इंची, त्याला इंचात २० आटे, त्यामुळे नट निदान स्टडच्या जाडीइतका म्हणजे अर्धा इंच आत जायला हवा, हे साधं वर्कशॉपचं गणित धरलं तर १० फेरे हवेत. इथे सहा, म्हणजे साडेसात मिमी लोखंडावर प्रत्येक चाक लटकत होतं आणि आम्ही त्याच्यावर ५० ने चाललो होतो. वरून नट जुनेच, स्टीलच्या चाकाचे, ॲलॉयच्या भोकात ते नीट बसतच नाहीत. घासण्याचा आवाज आला म्हणून तरी थांबलो. टायर घासला नसता तर आम्ही तसेच वेल्सपर्यंत गेलो असतो, यावर मी नंतर दोन रात्री विचार करत बसलोय.

त्या दिवशी मी मित्राला ओरडलो, जरा जास्तच. तो गप्प बसला, स्पेसर उचलले आणि कचऱ्यात टाकले. मग आम्ही दोघांनी मापं घेतली.

जुनं चाक ५ इंच रुंद, आम्ही सरळ पट्टी लावून मोजलं तेव्हा ऑफसेट साधारण २२ मिमी निघाला. ऑफसेट म्हणजे काय, तर चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा भाग यांच्यातलं अंतर. आकडा जेवढा मोठा तेवढं चाक आत, लहान तेवढं बाहेर. नवं चाक ७ इंच रुंद आणि आतल्या बाजूला आकड्यांत लिहिलेला ऑफसेट ३५, कारण ते मुळात एखाद्या जपानी पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीचं असणार, त्यांचे ऑफसेट असेच मोठे असतात. आता गणित. जुन्या चाकाची आतली कड हबपासून साडेपंच्याऐंशी मिमी आत, नव्याची जवळपास १२४. म्हणजे चाक आत ३८ मिमी सरकलं आणि बाहेर फक्त १२. आत मुळात जागा होती ४० च्या आसपास. उरले दोन मिमी. म्हणून बोट जात नव्हतं. मग १० चा स्पेसर टाकला, आत १२ मिमी झाले, पण बाहेरचं १२ चं २२ झालं.

आणि बाहेर जागा किती होती? जुनी चाकं लावली, गाडी सपाट जमिनीवर, मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला, गवंडी सोडतो तसाच, आणि टायरच्या फुगीर भागापर्यंत मोजलं. उजवीकडे २६ मिमी. डावीकडे १७.

एकाच गाडीला नऊ मिमीचा फरक. नागपूरकरने परत मोजलं, मग माझ्यावर भरवसा नाही म्हणून वहिनींना बोलावून त्यांच्याकडून मोजवलं, त्यांनी पण १७ च सांगितले आणि वर म्हणाल्या तुम्ही दोघं रविवारी हेच करणार असाल तर मी भाजी आणायला जाते. तर २६ मधून २२ गेले तर चार उरतात, म्हणून उजवीकडे घासलं नाही. १७ मधून २२ जातच नाहीत. टायर कडेच्या पाच मिमी बाहेर. गाडी उभी असताना कड टायरच्या वर असते म्हणून लागत नाही, खळग्यात गाडी बसली की कड टायरवर येऊन बसते.

इथे एक गंमत सांगतो जी मला स्वतःला आधी उलटी वाटायची. ही गाडी मागे पाट्यांवर आहे, एकसंध ॲक्सल, आणि ॲक्सलला आडवं धरून ठेवणारा वेगळा दांडा नाही, ते काम पाटे आणि त्यांचे रबरी बुशच करतात. मला वाटायचं की उजव्या वळणात बॉडी डावीकडे कलते म्हणजे डावीकडेच घासणार. पण वळणात रस्ता टायरला वळणाच्या आतल्या बाजूला ढकलतो, त्यामुळे उजव्या वळणात ॲक्सल बॉडीच्या मानाने किंचित उजवीकडे सरकतो, म्हणजे डावं चाक आत जातं. दबतं पण आत जातं, म्हणून सुटतं. डाव्या वळणात डावं चाक बाहेर येतं पण ती बाजू उचललेली असते, परत सुटतं. खरा घात होतो तो सरळ रस्त्यावरच्या खळग्यात, दोन्ही चाकं एकदम वर आली की, नाहीतर डाव्या वळणाच्या मधोमध खळगा आला की. म्हणून कॉलनीत गोल गोल फिरवून "कुठे घासतंय, नाही घासत" असं जे लोक ठरवतात त्याला अर्थ नाही. आम्ही पुढे नव्या चाकांच्या वेळी माझ्या मुलीचा मातीचा रंगीत गोळा घेतला, खेळायचा असतो तो, त्याच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या कडेच्या आतून चिकटवल्या आणि डिक्कीत ८० किलो फरशा टाकून फॉस वेवर नेली. मातीवर टायरचा ठसा किती उमटतो ते बघायचं. यापेक्षा स्वस्त मोजमाप नाही.

पण त्या नऊ मिमीचं काय, ते मला झोपू देईना. आमच्या शेजारी एक इंग्लिश आजोबा आहेत, स्वतःची एमजीबी चाळीसेक वर्षं चालवतायत, त्यांना बोलावलं. ते आले, चहा घेतला, ॲलॉयकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडीच्या मागे दहा पावलांवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले ही डावीकडे बसलीय. आम्ही बघत राहिलो. मोजलं तर खरंच, हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची डावीकडे १५ मिमी कमी. मग खाली गेलो. डाव्या पाट्याची कमान जवळजवळ सपाट, मागच्या टोकाचा बुश एका बाजूने चिरडून पुठ्ठ्यासारखा झालेला, आणि यू-बोल्टच्या नटांवर पाना लावला तर दोन नट अर्धा-अर्धा फेरा फिरले. म्हणजे ॲक्सल पाट्यावर घट्ट नव्हताच. चाकं १४ ची होती तोवर कुणाला कळलं नाही कारण बारीक टायरला १७ मिमी जागा पुरत होती. रोग जुना, मोठ्या चाकाने फक्त बोंब मारली.

पाटे बदलताना जोडीनेच बदलायचे, एक नवा एक जुना ठेवला तर गाडी परत वाकडी. दोन्ही पाटे, सगळे बुश, नवे यू-बोल्ट, यात आमचे दोन शनिवार गेले, त्यातला एक संपूर्ण शनिवार एका गंजलेल्या पिनेवर. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे, हवेत लटकलेली असताना आवळले तर रबर पिळलेलंच राहतं, हे आजोबांनी तीनदा बजावलं. झाल्यावर परत ओळंबा. उजवीकडे २४, डावीकडे १९. नऊचा फरक पाचवर आला. उरलेले पाच गाडी बनली तेव्हापासूनचेच असावेत, त्या काळात मडगार्डं माणसांनी बसवली आहेत, पाच मिमीवरून भांडण्यात अर्थ नाही, ते धरून चालायचं.

आता चाकांचा प्रश्न उरला. नागपूरकर अजून १६ वर अडून होता, म्हणे पाटे नवे झाले, आता बसतील. मी त्याला एका जुन्या लिफाफ्यावर हिशोब करून दिला. १६५ आर १४ टायरची उंची, म्हणजे जमिनीपासून वरपर्यंत, साधारण ६२० मिमी. त्याच्या १६ इंची चाकावरचा २०५/५० टायर (रुंदी २०५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ५० टक्के), ६११. "म्हणजे मोठं चाक लावून गाडी बारीक केली?" हो. चाक दोन इंचांनी मोठं, टायरची बाजू बारीक, एकूण चाक नऊ मिमीने लहान, गाडी साडेचार मिमी खाली. कमानीतली जी पोकळी भरायला निघाला होता ती वाढली. बाजूचं रबर १३२ मिमी होतं ते १०२ वर आलं, ते ३० मिमी रबर म्हणजे या गाडीच्या सस्पेन्शनचा एक हिस्साच आहे, कारण बाकी सगळं १९६२ च्या डोक्याने बनवलेलं, पुढे तर शॉकअपचा हातच वरचा विशबोन, म्हणजे चाकाला वरून धरणारा दांडा, म्हणून काम करतो. त्या आठवड्यात आम्ही सगळे खडखड आवाज ऐकत होतो आणि दरवाजे सैल झालेत असं समजत होतो. वजन पण केलं, बाथरूमच्या काट्यावर, जुनं चाक टायरसकट साडेपंधरा किलो, नवं जवळपास एकोणीस. प्रत्येक कोपऱ्याला साडेतीन किलो जास्त, आणि ते स्प्रिंगच्या खालचं वजन, म्हणजे प्रत्येक खड्ड्यात तेवढं वरखाली नाचणार. स्टेअरिंगचं तर बोलूच नका. या गाडीला कॅस्टर, म्हणजे पुढची चाकं ज्या आसावर वळतात त्याचा मागे कल, मुळातच सात अंश आहे, पॉवर स्टेअरिंग नाही, त्यात २०५ चा टायर, पार्किंगमध्ये वहिनींनी एकदा चालवली आणि म्हणाल्या ही उसाचा चरक फिरवल्यासारखी फिरते.

मग १५ वर आलो. इथे पण एक सापळा आहे. १५ मध्ये स्पोर्ट्स टायर बघायला गेलं की १९५/५० खूप दिसतो, स्वस्त पण असतो, आणि कितीतरी लोक तोच टाकतात. त्याची उंची ५७६. सात टक्क्यांनी कमी. म्हणजे स्पीडच्या काट्यावर ७० दिसतं तेव्हा गाडी ६५ च्या स्पीडने जातेय. आणि या गाडीत ओव्हरड्राइव्ह आहे, म्हणजे एक जास्तीचा गिअर, जो चौथ्या गिअरवर इंजिनाचे फेरे ०.८२ पट करतो. मूळ टायरवर ७० मैलांना ओव्हरड्राइव्हशिवाय ३,८९० आरपीएम, ओव्हरड्राइव्हमध्ये ३,१९०. ७०० वाचले. ५७६ चा टायर टाकला की ३,४३०, वाचलेल्यातले २४० परत दिले. मोटरवेवर दोन तास बसलात की ते २४० कानात वाजतात, १,८०० सीसीचं जुनं बी-सिरीज इंजिन आहे, मखमल नाही. शहरात मात्र गाडी चपळ वाटते, म्हणून टाकणारे खूश असतात, त्यांचं पण बरोबर आहे त्यांच्या जागी.

उरले दोन, १९५/६० आणि १८५/६५. पहिला ६१५, दुसरा ६२१.५. उंचीत दोन्ही चालतात. मी १८५ च्या बाजूने, नागपूरकर १९५ च्या बाजूने, एक आठवडा यावरच गेला. शेवटी निकाल लावला तो दुकानाने, १८५/६५ आर १५ हा रोजच्या गाड्यांचा टायर आहे, आपल्याकडच्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला तोच येतो, त्यामुळे प्रत्येक कंपनीचा, प्रत्येक किमतीचा, कधीही मिळतो. ६५ पाउंडला एक. हळदीच्या रंगाच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला पुण्यातल्या स्विफ्टचा टायर, यात मला वैयक्तिक आनंद झाला हे कबूल करतो.

चाकं ६ इंच रुंद, ऑफसेट २५, आठ आऱ्यांची, जुन्या रॅलीच्या गाड्यांना असायची त्या वळणाची, याच गाडीसाठी बनवलेली. हिशोब आधी कागदावर केला. टायर जुन्यापेक्षा दोन्ही बाजूंनी १२ मिमी जाड, पण ऑफसेट तीनने वाढल्यामुळे बाहेर नऊ आणि आत १५. डावीकडे १९ मधून नऊ गेले, दहा उरले. आत ४० मधून १५ गेले, २५ उरले. चाकं आल्यावर मोजलं तर डावीकडे साडेनऊ निघाले, तेवढं चालतं. नट चाकांबरोबर आलेलेच वापरले, फेरे मोजले, साडेअकरा. ६० ते ६५ पाउंड-फुटावर आवळले आणि ५० मैलांनी परत आवळले, ॲलॉय नवं असताना थोडं बसतं म्हणून. पुढे पूर्ण लॉक मारून दोन्हीकडे बघितलं, टायर आणि अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून असलेला दांडा) यांच्यामध्ये बोट जातं. मातीच्या गोळ्यांची टेस्ट केली, डावीकडच्या एका गोळीवर अगदी हलका ठसा, बाकी कोऱ्या. तेही फरशा टाकल्यावर.

हवा कमी केली. ३२ वर टायर मधोमध झिजणार हे उघड होतं, खडूची आडवी रेघ टायरवर मारून थोडं चालवायचं आणि कुठून पुसली जाते ते बघायचं, आम्हाला पुढे २४ आणि मागे २६ ला रेघ सगळीकडून सारखी गेली. ही गाडी हजार-अकराशे किलोची, आजकालच्या गाड्यांचे आकडे तिला लावायचे नाहीत.

इन्शुरन्सचं राहिलं होतं. १६ ची चाकं लावून फिरलो तेव्हा कंपनीला कळवलंच नव्हतं, काही झालं असतं तर त्यांनी हात वर केले असते आणि ते बरोबरच ठरलं असतं. गाडी ४० वर्षांच्या वरची असल्यामुळे इथे तिला दरवर्षीची एमओटी टेस्ट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला धड आहे का याची तपासणी, लागत नाही, २०१८ पासून तसा नियम आहे, आणि मला वाटतं याच सवलतीमुळे माणसं बेफिकीर होतात, कारण टेस्ट असती तर तो सैल यू-बोल्ट कुणीतरी चार वर्षांपूर्वीच पकडला असता. टेस्ट माफ आहे, गाडी धड ठेवायची जबाबदारी माफ नाही. आता आम्ही टेस्ट स्वतःहून करून घेतो, नागपूरकर कुरकुरतो पण नेतो. इन्शुरन्सवाल्यांना १५ ची चाकं सांगितली, त्यांनी फोटो मागितले, विषय संपला.

खर्च सांगतो कारण तोच सगळे विचारतात. १६ चा सेट २६० ला घेऊन १८० ला विकला, विकताना ऑफसेट ठळक लिहिला. नव्या चाकांना पाचशेच्या थोडं वर, टायरना २६०, पाटे-बुश-यू-बोल्ट मिळून अडीचशेच्या आसपास. पाट्यांचा खर्च चाकांच्या खात्यात धरायचा की नाही यावर आमचं एकमत नाही. मी म्हणतो तो व्हायचाच होता.

चालवायला कशी आहे? ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की फरक लगेच कळतो, तो नव्या टायरचा असेल, चाकाचा नाही. स्टेअरिंग मूळपेक्षा किंचित जड, पण चरक नाही. जीपीएसवर ताडून पाहिलं, काट्यावर ७० ला खरे ६८. खड्ड्यात आवाज परत पहिल्यासारखा, म्हणजे जेवढा ५० वर्षांच्या गाडीत असतो तेवढा. आणि कमानीतली पोकळी? दहा फुटांवरून बघितलं तर भरलेली वाटते. उंची दीड-दोन मिमीच वाढलीय, पण डावी बाजू पाट्यांमुळे १५ मिमी वर आली आणि चाकाचं चकाकणारं तबक मोठं दिसतं, डोळा फसतो. नागपूरकरला जे हवं होतं ते मिळालं.

जुनी रोस्टाइल विकायची नाहीत यावर मी अडून बसलो, तीन वर माळ्यावर गेली, वहिनींच्या दिवाळीच्या कंदिलांच्या शेजारी, त्यावरून घरात काय झालं ते माझ्यासमोर झालेलं नाही. चौथं डिक्कीच्या तळाशी स्टेपनी म्हणून ठेवलंय, त्याची उंची नव्यापेक्षा दोन मिमीच कमी आहे, पंक्चर झालं तर घरापर्यंत चालून जातं. फक्त नवे नट स्टीलच्या चाकाला चालत नाहीत. म्हणून चितळ्यांच्या बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात चार जुने नट, चिंधीत गुंडाळून, झाकणावर मार्करने "स्टेपनीचे, विसरू नको बे" असं लिहून स्टेपनीच्या मधल्या खड्ड्यात ठेवलेत. ते नागपूरकरनेच लिहिलंय.